कूलंट टेंपरेचर मीटरचा सेन्सर गाडीत नेमका कुठे बसवायचा? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मीटर आणणं सोपं असतं. डॅशवर ते कुठे लावायचं याबद्दल घरातल्या प्रत्येकाचं मत असतं. अडतं ते बॉनेट उघडल्यावर, सेन्सर हातात धरून उभं राहिल्यावर. खालचे प्रश्न मला मित्रांनी, शेजाऱ्यांनी आणि एकदोन मेकॅनिकांनीही विचारलेले आहेत. उत्तरं पाण्याने थंड होणाऱ्या कोणत्याही पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजी गाडीला लागू पडतात. मी ‘पाणी’ म्हणेन तिथे कूलंटच समजा. गॅरेजमध्ये सगळे पाणीच म्हणतात.

गाडीत आधीच काटा किंवा दिवा आहे. मग वेगळा सेन्सर कशाला?

आता बऱ्याच छोट्या गाड्यांत काटाच नसतो. निळा दिवा म्हणजे इंजिन थंड, लाल दिवा म्हणजे तापलं. मधल्या प्रवासाबद्दल गाडी काही बोलत नाही आणि लाल दिवा लागतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. काटा असलेल्या गाड्यांतही तो बराचसा सुस्त ठेवलेला असतो. चालकाला उगाच धास्ती वाटू नये म्हणून साधारण ८० ते १०५ अंशांपर्यंत तो मध्यावरून हलतच नाही. फॅन बिघडत चाललाय, थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा वॉल्व) अडकतोय, रेडिएटर चोंदलाय हे सगळं नेमकं याच पट्ट्यात कळत असतं.

घाईत आहे. एका वाक्यात सांगा, कुठे बसवू?

इंजिनातून गरम पाणी बाहेर पडतं त्या बाजूला, जमलं तर थर्मोस्टॅटच्या अलीकडे, आणि सेन्सरचं टोक वाहत्या पाण्यात पूर्ण बुडेल असं. हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, रिकामी जागा मिळाली तर उत्तम. नाहीतर थर्मोस्टॅटचं हाउसिंग, तेही नसेल तर वरचा होज, म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणारी रबरी नळी.

हेडवर रिकामी जागा कशी शोधायची?

एकच इंजिन कंपनी तीन-चार मॉडेलांत वापरते. एखाद्या मॉडेलला दोन सेन्सर लागतात, दुसऱ्याला एक. हेडचं कास्टिंग मात्र तेच असतं, म्हणून नको असलेलं भोक डमी प्लगने बुजवलेलं असतं. कंपनीचा सेन्सर जिथे आहे त्याच्या आसपास, पाणी बाहेर पडण्याच्या तोंडापाशी, षटकोनी खाच असलेला छोटा प्लग दिसतोय का ते टॉर्च लावून बघा.

पण दिसला प्लग की लावला पाना, असं करू नका. हेड आणि ब्लॉकवर ऑइलच्या वाटेचेही प्लग असतात आणि बाहेरून ते अगदी सारखे दिसतात. त्या इंजिनाचं वर्कशॉप मॅन्युअल बघा, किंवा तेच इंजिन रोज उघडणाऱ्या मेकॅनिकला विचारा. ऑइल प्रेशर स्विचच्या रांगेतला प्लग तर संशयितच समजा.

थर्मोस्टॅटच्या हाउसिंगला भोक पाडून टॅप मारला (आटे पाडले) तर?

हाउसिंग अॅल्युमिनियमचं आणि भिंत जाड असेल तर माझ्या मते हा सगळ्यात समाधानाचा मार्ग आहे. मात्र तीन पथ्यं पाळा. हाउसिंग गाडीवर असताना ड्रिल लावू नका. अॅल्युमिनियमचा बुरा आत गेला की तो वॉटर पंपाच्या सीलपाशी आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. हाउसिंग उतरवा आणि लेथवाल्याकडे न्या. दुसरं, भोक थर्मोस्टॅटच्या इंजिनाकडच्या बाजूला यायला हवं. रेडिएटरकडच्या बाजूला पाडलंत तर होजमध्ये बसवल्यासारखंच झालं, वर कास्टिंग कमकुवत. तिसरं, सेन्सरचं टोक थर्मोस्टॅटच्या स्प्रिंगला किंवा वॉल्वला आत लागत नाही ना, हे थर्मोस्टॅट हातात धरून तपासा.

मी स्वतः जुन्या बाजारातून एक जादा हाउसिंग आणलं आणि त्यावर काम करून घेतलं. बिघडलं असतं तर मूळचं घरात शाबूत होतं, आणि गाडी दोन दिवस उभी ठेवावी लागली नाही. हाउसिंग प्लॅस्टिकचं असेल तर हा विचार तिथेच सोडा. प्लॅस्टिकमध्ये पाडलेले आटे प्रेशर आणि उष्णतेत टिकत नाहीत.

वरच्या होजमध्ये अडॅप्टर टाकणं सगळ्यात सोपं वाटतं. त्यात वाईट काय?

वाईट काही नाही, फक्त आकडा कसा वाचायचा ते माहीत हवं. बहुतेक लोक हेच करतात, आणि गाडी परत मूळ रूपात आणायची असेल तर एक नवा होज टाकला की झालं.

थर्मोस्टॅट इंजिनाच्या बाहेर पडण्याच्या तोंडाशी असेल तर वरचा होज थर्मोस्टॅटच्या पलीकडे येतो. सकाळी गाडी सुरू केली की आत पाणी ७० अंशांवर गेलेलं असतं आणि मीटर आरामात ४० दाखवत असतं. मग ८२ किंवा ८८ अंशांना (ज्या रेटिंगचा बसवला असेल त्याप्रमाणे) थर्मोस्टॅट उघडायला लागतो आणि काटा टुणकन उडी मारतो. नवं मीटर लावलेल्या माणसाचा पहिला फोन हमखास याच उडीबद्दल असतो. ती उडी म्हणजे तुमचा थर्मोस्टॅट ठीक असल्याची खूण आहे. पण थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर? तेव्हा इंजिन उकळतं आणि होजमधला सेन्सर थंड राहतो. होजच्या जागेतला खरा दोष तो आहे.

आता बसवण्याबद्दल. अडॅप्टर २६ मिलिमीटरपासून ४० पर्यंत वेगवेगळ्या मापांत मिळतात. होजचा आतला व्यास व्हर्नियरने मोजा, अंदाजाने आणू नका. पाणी निघतं ते तोंड आणि रेडिएटरचं तोंड सारख्या मापाचं असेलच असं नाही. होजचा सरळ भाग निवडा, वळणावर बसवलात तर क्लिप तिरकी बसते आणि महिन्याभरात झिरपायला लागते. अडॅप्टरच्या मधल्या, उघड्या राहणाऱ्या भागाइतकाच तुकडा होजमधून कापून काढा. नाहीतर होज लांब होऊन फुगवटा येतो आणि फॅनच्या पात्याकडे किंवा बेल्टकडे झुकतो.

सेन्सरचं तोंड बाजूला ठेवा. वर ठेवलंत तर हवेचा बुडबुडा तिथेच अडकतो आणि खाली ठेवलंत तर गाळ साचतो. वायरला थोडी ढिलाई द्या. अॅक्सिलरेटर दिल्यावर इंजिन हलतं, रेडिएटर हलत नाही, आणि ताणलेली वायर सेन्सरच्या मानेशी तुटते.

थर्मोस्टॅट कोणत्या बाजूला आहे हे कसं ओळखायचं?

सगळ्याच इंजिनांत तो वरच्या होजपाशी नसतो. काहींत वॉटर पंपाच्या आत शिरणाऱ्या, म्हणजे खालच्या होजच्या टोकाशी बसवलेला असतो. अशा गाडीत वरचा होज सुरुवातीपासून इंजिनाबरोबरच तापत जातो आणि होजमधला अडॅप्टर ही एकदम चांगली जागा ठरते. दोन-तीन बोल्टचं फुगीर झाकण कोणत्या होजच्या टोकाशी आहे ते बघा. खात्री नसेल तर रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करा आणि वरच्या होजला दर मिनिटाला हात लावत राहा, फॅनपासून बोटं जपून. हळूहळू तापत गेला तर थर्मोस्टॅट खाली. बराच वेळ गार राहून अचानक चटका बसला तर वर.

आणि खालच्या होजमध्ये?

तिथे रेडिएटरमधून गार होऊन परतणारं पाणी असतं. तो आकडा बघून इंजिनाबद्दल काही ठरवायचं म्हणजे भात शिजला का हे बेसिनमध्ये ओतलेल्या पेजेवरून ठरवणं. त्यात ही पंपाची ओढणारी बाजू, क्लिप जरा ढिली राहिली तर इथून हवा आत ओढली जाऊ शकते.

खालच्या होजला सेन्सर शोभतो तो दुसरा म्हणून. वर एक, खाली एक, आणि दोघांतला फरक बघत राहायचा. घाटात दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आले की रेडिएटर उष्णता सोडत नाहीये हे कळतं. जाळीत माती, वाळलेला चिखल किंवा किडे भरलेत का ते मग बघायचं.

हीटरच्या पाइपवर टी टाकून चालेल? माझ्या गाडीत सीएनजी किटचा टी आधीपासूनच आहे.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत रेड्यूसरला गरम पाणी दिलेलं असतं. गॅसचं प्रेशर उतरताना तो इतका गार होतो की पाणी नसेल तर रेड्यूसर गोठेल. हे पाणी बहुधा हीटरच्या लाइनमधूनच टी मारून घेतलेलं असतं. म्हणजे इंजिनातून थेट, थर्मोस्टॅटची वाट न बघता येणारं पाणी. जागा म्हणून हे बरं आहे: सकाळपासून आकडा खरा दिसतो, हेडपेक्षा थोडा कमी.

पण तीन गोष्टी बघा. काही जुन्या गाड्यांत हीटरच्या पाइपवर वॉल्व असतो. हीटर बंद केला की पाणी थांबतं आणि सेन्सर थांबलेल्या पाण्याचं तापमान सांगत बसतो. दुसरं, आत शिरणाऱ्या पाइपवर बसवा, परतणाऱ्यावर नाही. तिसरं, सीएनजीच्या टीभोवती आधीच चार-सहा क्लिपा असतात. तिथे आणखी दोन वाढवायच्या असतील तर जुन्या क्लिपाही त्याच दिवशी बदला. गळती नेहमी तिथूनच सुरू होते.

टीची मान लांब असेल आणि सेन्सरचं टोक त्या मानेतच राहत असेल तर तो प्रवाहात नाही, खोपच्यात बसलाय. आकडा दहा-पंधरा अंशांनी कमी येईल आणि बदलही उशिरा दिसेल. पितळी रेड्यूसिंग बुश वापरला की हाच घोटाळा होतो.

रेडिएटरच्या टाकीत? कूलंटच्या बाटलीत?

रेडिएटरला फॅन स्विचचं जादा भोक असेल तर चालेल, पण तो रेडिएटरचा आकडा असेल. बाटलीत नको. तिथे पाणी फारसं फिरत नाही.

कंपनीचा सेन्सर काढून त्याच भोकात नवा बसवतो, आटे जुळतायत.

नका. तो सेन्सर ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) सांगतो की इंजिन थंड आहे की गरम, आणि त्यावर पेट्रोल किती मारायचं, आयडल किती ठेवायचं, फॅन कधी लावायचा हे ठरतं. तो निघाला की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि बऱ्याच गाड्यांत फॅन सतत फिरत राहतो. त्याच्या वायरला जोड मारून मीटर चालवायचंही डोक्यात आणू नका. दोन सर्किटं एका सेन्सरवर लोंबकळली की दोघांचेही आकडे चुकतात. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत, जिथे तो सेन्सर फक्त काट्यासाठी आहे, तिथे हरकत नाही. मूळचा काटा मात्र मुका होईल.

मीटर लावलं, पण आकडा भलताच येतो.

दहातल्या आठ वेळा अर्थिंग. एका वायरचा सेन्सर आपला अर्थ आट्यांमधून, इंजिनाच्या धातूतून घेतो. होजमधला अडॅप्टर दोन्ही बाजूंनी रबरात असतो, त्याला अर्थ मिळणार कुठून? म्हणून अडॅप्टरवर स्क्रूची जागा असते. तिथून एक काळी वायर काढून थेट इंजिनाला किंवा बॅटरीच्या निगेटिव्हला न्या. मडगार्डच्या गंजलेल्या स्क्रूला नको. दिवे लावले किंवा फॅन सुरू झाला की आकडा बदलतो? मग अर्थच कच्चा आहे, कारण पाणी एका सेकंदात पाच अंश तापत नाही.

दुसरं कारण टेफलॉन टेप. प्लंबरसारखे सात-आठ वेढे मारले की आट्यांतून अर्थ मिळेनासा होतो आणि टेपचे तुकडे पाण्यातही जातात. टोकाकडचा पहिला आटा मोकळा सोडून थोडं पातळ थ्रेड सीलंट लावा. दोन वायरच्या सेन्सरला अर्थची ही भानगड नाही.

तिसरं, मीटर एका कंपनीचं आणि सेन्सर दुसऱ्या. सेन्सर म्हणजे तापलं की रोध कमी होणारा थर्मिस्टर, आणि प्रत्येकाचा उतार वेगळा. जोडी एकाच डब्यातली हवी.

शंका राहिली तर सेन्सर सोडवून स्वयंपाकघरात न्या. घरच्यांना आधी सांगा, जुनं पातेलं मागा. सेन्सरचं टोक पाण्यात, बुडाला न टेकता लोंबकळवा, मल्टिमीटर लावा आणि पाणी उकळेपर्यंत रोध उतरताना बघा. तो सलग उतरायला हवा, मध्येच उडी मारली तर सेन्सर गेला. मीटरला जोडून तपासत असाल तर हे लक्षात ठेवा: उघड्या भांड्यात पाणी मुंबईत १०० अंशांना उकळतं, पुण्यात साधारण ९८ ला आणि महाबळेश्वरात ९५-९६ ला. पुण्यात मीटरने उकळत्या पाण्याला ९८ दाखवलं तर त्याला परत करायला जाऊ नका.

एनपीटी, बीएसपी, एम-१०: आटे कोणते?

ही तिन्ही आट्यांच्या मापांची नावं. मीटरबरोबर येणारे बरेच सेन्सर १/८ एनपीटीचे असतात. या १/८ वर जाऊ नका, गॅरेजच्या भाषेतल्या एका सुताशी त्याचा संबंध नाही. व्हर्नियर लावला तर बाहेरचा व्यास १० मिलिमीटरच्या वर भरतो. गंमत अशी की १/८ बीएसपी ९.७ मिलिमीटर आणि एम-१० बरोबर १० मिलिमीटर, म्हणजे तिन्ही डोळ्यांना एकच. एनपीटीला इंचात २७ आटे, बीएसपीला २८. एकाचा सेन्सर दुसऱ्याच्या भोकात दोन-तीन फेरे सुखाने जातो, मग अडतो आणि ‘जरा जोर लाव’ म्हणताच अॅल्युमिनियमचे आटे घेऊन बाहेर येतो. दुकानातून सेन्सर आणि अडॅप्टर एकदमच घ्या, आणि हाताने निम्म्याहून जास्त जातो का ते काउंटरवरच बघा. १/८ एनपीटीचा टॅप मारायचा असेल तर ड्रिल साडेआठ मिलिमीटरचं.

पाणीच संपलं तर सेन्सर काय दाखवेल?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. मीही विचारला नव्हता.

काही वर्षांपूर्वी खंबाटकी चढत होतो. मे महिना, एसी चालू, पुढे उसाचा ट्रक. मीटर ९८, मग १०१. जरा काळजीत होतो आणि एकाएकी आकडा उतरायला लागला. ९४, ८८, ८०. मी बायकोला म्हटलंसुद्धा, ‘बघ, वर वारा लागला.’ दीड मिनिटाने गोडसर वास आला आणि बॉनेटच्या कडेने वाफ. अडॅप्टरची रेडिएटरकडची क्लिप मीच बसवली होती, आणि होज तिथून निसटला होता. सेन्सर रिकाम्या नळीत लोंबकळत हवेचं तापमान सांगत होता. हेड उतरवून फेस मारून (तळ घासून सपाट करून) घ्यावं लागलं, गॅस्केट वेगळं.

सेन्सर पाण्यात असेल तोवरच पाण्याचं तापमान सांगतो. चढावर, लोडमध्ये आकडा विनाकारण उतरला तर गाडी बाजूला घ्या, चढल्यापेक्षाही लवकर. त्या दिवसानंतर मी हेडला एक रिंगसारखा सेन्सरही लावला, नटाखाली वॉशरसारखा बसणारा. तो धातूचं तापमान सांगतो, पाणी असो वा नसो. त्यासाठी इंजिन उचलायच्या हुकाचा किंवा एखाद्या ब्रॅकेटचा बोल्ट वापरा. हेड बोल्ट सोडायचा नाही, कितीही सोयीचा दिसला तरी.

कितीपर्यंत आकडा ठीक?

थर्मोस्टॅट उघडल्यावर ८५ ते ९५, ट्रॅफिकमध्ये फॅन लागेपर्यंत ९५-१००, आणि उन्हाळ्यात घाटात एसीसह १०५ ला टेकून परत येत असेल तर घाबरायचं कारण नाही. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असलेलं मिश्रण उघड्यावर १०७ च्या आसपास उकळतं, पण झाकणाचं प्रेशर धरून असेल तर सव्वाशेच्या पुढे. म्हणून दहा वर्षांचं झाकण आधी बदला, मीटर नंतर लावा.

एका आकड्यापेक्षा तो कधी चढतो हे जास्त बोलतं. सिग्नलला चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो: फॅन, त्याची रिले किंवा मोटर. गावात ठीक आणि हायवेला किंवा घाटात चढतो: रेडिएटर चोंदलाय किंवा पंप पाणी ढकलत नाही. हायवेला ७०-७५ च्या वर जातच नाही: थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, किंवा कुणीतरी ‘उन्हाळा आहे’ म्हणून काढून टाकलाय. हा शेवटचा उपाय आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. गाडी तापत नाही हे खरं, पण पेट्रोल जास्त खाते आणि इंजिन लवकर झिजतं.

हे सगळं न करता ओबीडीवरून (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटवरून) आकडा बघता येत नाही का?

येतो. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत छोटं ब्लूटूथ डोंगल लावून मोबाइलवर कूलंटचं तापमान दिसतं, एकही होज न कापता. वॉरंटीतल्या गाडीला मी हेच सुचवेन. मर्यादा एवढीच की तो ईसीयूच्याच सेन्सरचा आकडा असतो. तो सेन्सर खोटं बोलत असेल तर मोबाइलही तेच बोलणार. आणि डोंगल रात्रभर लावून ठेवू नका, आठवडाभर उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

बसवून झालं. आता लगेच गाडी काढू?

आधी हवा काढा. होज उघडला की आत हवा शिरते, आणि ती नेमकी उंचावरच्या सेन्सरपाशी जाऊन बसते. गाडी गार असताना, जमलं तर तोंड चढाकडे करून, झाकण उघडं ठेवून भरा. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, इंजिन सुरू करा आणि पाणी खाली बसेल तसं भरत जा. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार आत थर धरतात. एअर ब्लीडचा स्क्रू असेल तर सलग धार येईपर्यंत उघडा. मग झाकण लावून फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत उभ्यानेच चालवा आणि प्रत्येक क्लिपखाली कागदाचा तुकडा फिरवून ओल येते का बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्ण गार झाल्यावर, पातळी पुन्हा बघा. अर्धा लिटरपर्यंत सहज बसते. क्लिपा शंभर-दोनशे किलोमीटरनंतर एकदा परत आवळा. मी आवळल्या नव्हत्या.